दर ऑगस्टमध्ये ग्रीनवर शेवाळ का येते? पावसाळी नुकसानीचे निदान आणि पावसापासून मागे मोजलेले वेळापत्रक

पुणे-नाशिक पट्ट्यातील गोल्फ मैदानांची देखभाल करणाऱ्यांकडून एक तक्रार दर वर्षी ठरलेल्या सुमारास ऐकू येते. जूनच्या पहिल्या सरींनंतर तजेलदार दिसणारे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळी, जुलैच्या अखेरीस फिकट पडू लागतात, ऑगस्टच्या झडीत त्यांच्यावर काळपट हिरव्या शेवाळाचा निसरडा थर धरतो आणि गणपतीच्या दिवसांत तळहाताएवढे उघडे चट्टे दिसू लागतात. मग बुरशीनाशकाची फवारणी होते, घाईने वाळू टाकली जाते, रोपवाटिकेतील गवताचे तुकडे आणून बसवले जातात आणि ऑक्टोबरच्या उन्हात ग्रीन कसेबसे सावरतात. स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की हा विषय मागे पडतो आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच ग्रीनवर, बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यात, तेच घडते.

एखादा दोष दर वर्षी एकाच जागी आणि एकाच महिन्यात परत येत असेल, तर तो हवामानाचा प्रकोप मानून सोडून देणे योग्य नाही. हे नुकसान ऑगस्टमध्ये दिसते, पण त्याची तयारी फेब्रुवारी ते मे या काळात झालेली असते. म्हणूनच त्यावरचा उपाय औषधांच्या कपाटात कमी आणि कामाच्या वेळापत्रकात जास्त आहे. येथे केवळ हरळीवर्गीय ग्रीनचा विचार केला आहे, म्हणजे टिफड्वार्फ, टिफग्रीन किंवा त्यांच्यासारखे संकरित वाण लावलेल्या ग्रीनचा, कारण आपल्याकडील उष्ण भागातील बहुतेक ग्रीन याच गवतांचे आहेत. शेतकरी जी हरळी बांधावरून खणून काढताना मेटाकुटीला येतो, तिचीच ही भावंडे इतकी नाजूक कशी, असा प्रश्न नवख्या माळ्याला पडतो आणि तो रास्त आहे. गवत नाजूक नाही. चार मिलिमीटरवर रोज कापून, दिवसभर पायांखाली तुडवून आणि त्यातच ढगाळ हवेत ठेवून आपण त्याला नाजूक केलेले असते.

निदानाची सुरुवात कपाच्या गोळ्यापासून

निदानासाठी महागड्या उपकरणांची वाट पाहण्याचे कारण नाही. कपाची, म्हणजे चेंडू ज्यात टाकायचा त्या भोकाची, जागा बदलताना होल कटरमधून १०८ मिलिमीटर व्यासाचा मातीचा गोळा निघतो आणि जुने भोक बुजवण्यासाठी तो तसाच वापरला जातो. आठवड्यातून एकदा, प्रत्येक ग्रीनवर, असा एक गोळा बुजवण्याआधी सुरीने उभा चिरून पाहावा. निरोगी ग्रीनच्या गोळ्यात वरच्या हिरव्या थराखाली वाळू एकसारख्या रंगाची दिसते, पांढरी मुळे खालपर्यंत उतरलेली असतात आणि वास ओल्या मातीचा येतो. ज्या ग्रीनवर दर वर्षी शेवाळ येते, त्याच्या गोळ्यात बहुधा वेगळे चित्र असते: वरचे दोन-अडीच सेंटिमीटर तपकिरी, स्पंजासारखे आणि बोटाने दाबताच पाणी सोडणारे, त्याखाली काळी रेघ, तिला सडक्या अंड्यासारखा वास, आणि रेघेखालची वाळू स्वच्छ, पण तिच्यात मुळे जवळजवळ नाहीत.

ती काळी रेघ म्हणजे हवा संपल्याची खूण आहे. साचलेल्या पाण्यामुळे मातीतील प्राणवायू संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. त्याचा मातीतील लोहाशी संयोग होऊन काळे लोह सल्फाइड बनते. वास त्या वायूचा असतो आणि तोच मुळांना मारक ठरतो. वरचा तपकिरी थर म्हणजे थॅच, म्हणजेच मेलेल्या खोडांचा, धावत्या फांद्यांचा आणि मुळांचा न कुजलेला साठा.

गोळ्याच्या जोडीने आणखी दोन साध्या चाचण्या कराव्यात. पहिली पावसाच्या दिवशीच होते. जोराचा पाऊस थांबल्यानंतर अर्ध्या तासाने ग्रीनखालच्या निचरा नळीचे तोंड, जे बहुधा नाल्याच्या काठी गवतात हरवलेले असते, शोधून पाहावे. ग्रीनवर पाणी साचलेले असून नळीचे तोंड कोरडे असेल, तर पाणी नळीपर्यंत पोहोचतच नाही आणि दोष वरच्या थरात आहे, असे समजावे. नळी थेंब थेंब गळत असेल, गोळा खालपासून वरपर्यंत चिंब निघत असेल आणि त्याचा खालचा भागच जास्त ओला असेल, तर दोष नळीत किंवा तिच्या तोंडाशी आहे. नळी भरून वाहत असेल आणि तरीही एकाच वाटीसारख्या खोलगट जागी पाणी राहत असेल, तर प्रश्न केवळ पृष्ठभागाच्या उताराचा आहे आणि त्यासाठी संपूर्ण ग्रीनवर खर्च करण्याची गरज नाही.

दुसरी चाचणी कोरड्या दिवसात करायची असते. सहा इंची प्लास्टिक पाइपचा वीतभर तुकडा ग्रीनमध्ये पाच-सहा सेंटिमीटर ठोकून बसवावा, आतली जागा आधी पाणी घालून पूर्ण भिजवावी आणि मग २५ मिलिमीटर उंचीचे पाणी ओतून ते मुरायला लागणारा वेळ मोजावा. अमेरिकन गोल्फ संघटनेच्या पद्धतीने बांधलेल्या ग्रीनसाठी मुळांच्या वाळूचा निचरा प्रयोगशाळेत तासाला किमान १५० मिलिमीटर असावा अशी अपेक्षा असते, म्हणजे २५ मिलिमीटर पाणी दहा मिनिटांत मुरले पाहिजे. जुन्या ग्रीनकडून तेवढी अपेक्षा धरता येत नाही. परंतु जेथे तासाभरानंतरही पाइपमध्ये पाणी उभे राहते, तेथे पावसाळ्यात गवत टिकेल अशी आशा बाळगू नये. ही चाचणी मार्चमध्ये प्रत्येक ग्रीनवर तीन ठिकाणी करून आकडे वहीत लिहून ठेवले, तर ऑगस्टमध्ये कोणता ग्रीन आधी मान टाकणार आहे, हे पाच महिने आधीच कळते.

वरचा थर का तुंबतो

निचरा नळ्या ठीक असूनही ग्रीन तुंबण्याची मुख्य कारणे दोन आहेत आणि दोन्ही उन्हाळ्यात तयार होतात.

पहिले कारण थॅचचे. हरळी आपल्या उन्हात झपाट्याने वाढते आणि मार्च ते मे या काळात भरपूर पाणी व नत्र मिळाले की खोडांचा साठा कुजण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जमतो. त्यात वाळू मिसळत राहिली तर तो विरळ राहतो. न मिसळल्यास त्याची गादी होते. ही गादी पाणी धरून ठेवते, मुळांना वरच्या वरच अडवते आणि शेवाळाला हवे ते, म्हणजे सतत ओला पृष्ठभाग, देते. वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये सेंद्रिय पदार्थ वजनाने ३ ते ४ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मातीपरीक्षण प्रयोगशाळेकडून ही तपासणी सहज करून घेता येते. मात्र नमुना फक्त वरच्या पाच सेंटिमीटरचाच पाठवावा, अन्यथा खालच्या स्वच्छ वाळूमुळे आकडा फसवा येतो.

याच कारणाची एक पोटशाखा म्हणजे वेगवेगळ्या वाळूंचे थर. एका वर्षी नदीची वाळू मिळाली, पुढच्या वर्षी ती न मिळाल्याने दगडखाणीतील क्रश सँड टाकली आणि तिसऱ्या वर्षी आणखी कुठून बारीक वाळू आणली, असे झाले की गोळ्यात पट्टे दिसू लागतात. बारीक थराखाली जाड थर आला की पाणी त्या सीमेवर अडते आणि वरचा थर जवळजवळ पूर्ण भरल्याशिवाय खाली उतरत नाही. क्रश सँडमध्ये धुऊनही दगडाची भुकटी राहते आणि तीच भोकांमध्ये बसून सिमेंटसारखी वागते. नवीन वाळू घेण्याआधी काचेच्या बरणीत निम्मी वाळू व निम्मे पाणी घालून, खळखळून हलवून, तासभर ठेवावी. वाळूवर गाळाचा स्पष्ट थर बसत असेल तर ट्रक दारातून परत पाठवावा. प्रयोगशाळेचा निकष पाहायचा असेल, तर मुळांच्या थरातील किमान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटर आकाराचे असावेत, पोयटा ५ टक्क्यांहून आणि चिकणमाती ३ टक्क्यांहून जास्त नसावी, हा अमेरिकन संघटनेचा मापदंड हाताशी ठेवावा. माझे मत असे आहे की थोडी कमी दर्जाची पण दर वर्षी तीच वाळू परवडते. दर वर्षी बदलणारी चांगली वाळू परवडत नाही.

दुसरे कारण पाण्याचे आहे आणि ते फारसे कोणी लक्षात घेत नाही. शहरांलगतची अनेक मैदाने उन्हाळाभर प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर किंवा खारट बोअरवेलवर चालतात. या पाण्यातील सोडियम मातीच्या कणांना चिकटत राहतो. जोपर्यंत पाण्यात क्षारही भरपूर असतात, तोपर्यंत माती मोकळी राहते आणि काहीही बिघडलेले दिसत नाही. जूनमध्ये पावसाचे जवळजवळ क्षारविरहित पाणी पडले की क्षार धुऊन जातात, सोडियम मात्र मागे राहतो आणि चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रांमध्ये अडकतात. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर निचरा अचानक का मंदावतो, याचे उत्तर बऱ्याचदा येथे असते. शुद्ध वाळूच्या ग्रीनवर हा परिणाम कमी होतो. मुरूम आणि काळ्या मातीचा भराव करून बांधलेल्या जुन्या ग्रीनवर तो ठळक दिसतो. उपाय जिप्समचा आहे, पण वेळ साधली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये, थॅच काढण्यासाठी ग्रीनमध्ये पोकळ सळ्यांनी भोके पाडल्यानंतर लगेच, मातीपरीक्षणाच्या शिफारशीनुसार (सर्वसाधारणपणे चौरस मीटरला ५० ग्रॅमच्या आसपास) जिप्सम टाकून भरपूर पाण्याने ते खाली उतरवावे. ऑगस्टमध्ये काळी रेघ दिसत असताना जिप्सम टाकणे घातक आहे, कारण जिप्सम हेही सल्फेटच आहे आणि त्या जिवाणूंना आपण खाद्यच पुरवतो. अमोनियम सल्फेटलाही त्या काळात हेच लागू होते.

निचरा नळ्यांबद्दल थोडक्यात सांगता येते. त्यांची तोंडे गाळाने, मुळ्यांनी किंवा नाल्याच्या वाढलेल्या पात्राने बंद होतात. मे महिन्यात प्रत्येक तोंड उघडे करून, खुंटी रोवून, त्यावर ग्रीनचा क्रमांक रंगवावा आणि वरच्या टोकाची झडप उघडून टँकरच्या पाण्याने नळी धुऊन काढावी.

सावलीचा हिशेब

हरळीला दिवसात सुमारे आठ तास थेट ऊन लागते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते आकाशातूनच मिळत नाही. अशा वेळी झाडाने आणखी दोन तास हिरावून घेतले तर गवत शेवाळापुढे हरते. पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात पाहून ठरवलेला सावलीचा नकाशा पावसाळ्यात चुकतो. दक्षिणेचे झाड, ज्याच्यावर डिसेंबरमध्ये आपण चिडलेलो असतो, ते पावसाळ्यात बहुधा निर्दोष असते, तर पूर्व आणि ईशान्येकडील दाट झाडे सकाळचे ऊन अडवून दव व पावसाचे पाणी दुपारपर्यंत टिकवून ठेवतात. वाऱ्याचा विचारही येथेच करावा, कारण तिन्ही बाजूंनी झुडपांनी कोंडलेला ग्रीन उघडीप मिळाली तरी वाळत नाही.

झाडे तोडण्याची वेळ क्वचितच येते. खालच्या फांद्या काढून आणि झुडपे विरळ करून पुष्कळ साधते. शहरी हद्दीत मात्र १९७५ च्या झाडांच्या जतनविषयक राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ती मिळण्यास वेळ जातो, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा.

वेळापत्रक: १० जूनपासून मागे

परदेशी पुस्तकांतील वेळापत्रक जसेच्या तसे उचलणे हे या समस्येचे मूळ आहे, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनमधील थंड हवेच्या गवतांसाठी भोके पाडण्याचा काळ उन्हाळ्याच्या अखेरीचा. अमेरिकेच्या दक्षिण भागात हरळीसाठी तो मे ते ऑगस्ट, कारण तेथे हे तिच्या जोमाचे महिने असतात. आपल्याकडे जून ते ऑगस्ट म्हणजे ढग आणि चिखल. हरळीचा येथील जोम मार्च ते मे असा आहे आणि दुसरा, छोटा जोम ऑक्टोबरच्या उन्हात येतो. म्हणून पुण्याला मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख, म्हणजे साधारण १० जून, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल करावी आणि तेथून मागे मोजत यावे.

पोकळ सळ्यांनी भोके पाडल्यावर ग्रीन पूर्ववत होण्यास कडक उन्हात दोन ते तीन आठवडे लागतात आणि पाऊस येण्याआधी त्यावर आणखी दोन आठवडे शांत वाढ मिळायला हवी. त्यामुळे पावसाआधीची शेवटची फेरी ५ ते १० मेच्या पुढे जाऊ देऊ नये. पहिली फेरी तिच्या पाच-सहा आठवडे आधी, म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येते. पहिल्या फेरीत १६ मिलिमीटरच्या सळ्या ५० मिलिमीटर अंतरावर चालवल्यास पृष्ठभागाचा सुमारे ८ टक्के भाग निघतो. दुसऱ्या फेरीत १२ मिलिमीटरच्या सळ्यांनी त्याच अंतरावर साडेचार टक्के. आणि ऑक्टोबरमधील तिसऱ्या फेरीत आणखी साडेचार टक्के. बेरीज १७ टक्के होते आणि वर्षाला १५ ते २० टक्के हे रूढ उद्दिष्ट त्यात बसते. भोकांतून निघालेल्या मातीच्या गुंडाळ्या फावड्याने गोळा करून बाहेर न्याव्यात. त्या ग्रीनवरच चुरडून पसरण्याची सवय असेल, तर काढलेला थॅच आपण परत आत घालत असतो.

येथे वाळूचा हिशेब आधी केला नाही तर सर्व आराखडा कोलमडतो. ७५ मिलिमीटर खोलीची ही भोके भरण्यासाठी, ५०० चौरस मीटरच्या एका ग्रीनला पहिल्या फेरीत सुमारे ३ घनमीटर आणि दुसऱ्या फेरीत १.७ घनमीटर वाळू लागते. अठरा ग्रीन आणि सरावाचा एक धरला, तर पहिल्या फेरीला साधारण २० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आणि दुसऱ्या फेरीला साडेअकरा ब्रास होतात. दर दोन-तीन आठवड्यांच्या हलक्या, अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूच्या थरासाठी प्रत्येक वेळी पावणेदोन ब्रास वेगळे. ही वाळू मार्चच्या मध्यापर्यंत आवारात, फरशीवर आणि ताडपत्रीखाली, कोरडी पडलेली असली पाहिजे. बहुतेक क्लबांमध्ये होते असे की ३१ मार्चपूर्वी मागच्या वर्षाची तरतूद संपलेली असते, नवी तरतूद एप्रिलच्या बैठकीत येते, निविदा मेमध्ये निघते आणि ट्रक पहिल्या वळिवात दारात उभा राहतो. ओली वाळू भोकात पडत नाही. ती भोकाच्या तोंडावर टोपण होऊन बसते आणि आत पोकळी राहते. ग्रीन समितीसमोर मागणी डिसेंबरमध्येच, ब्रासच्या आकड्यासह, लेखी ठेवावी. त्याच बैठकीत मार्च-मेमधील दोन बंद आठवडे स्पर्धांच्या कॅलेंडरवर नोंदवून घ्यावेत. एकदा सभासदांच्या स्पर्धेचे निमंत्रण छापले गेले की तुमच्या यंत्राला तारीख मिळत नाही आणि ती मिळेपर्यंत जून उजाडलेला असतो.

माणसांचा विचारही तारखांमध्ये धरावा. कंत्राटी माळ्यांपैकी बरेच जण जूनमध्ये पेरणीसाठी गावी जातात, काही जण वारीला जातात आणि ते स्वाभाविकच आहे. म्हणून चाऱ्या काढणे, नळ्या धुणे, कापणी यंत्रांच्या रील व बेडनाइफ या पात्यांना धार लावणे ही कामे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आटोपावीत आणि जूनमध्ये केवळ रोजची कापणी व पाणी काढणे एवढेच शिल्लक ठेवावे.

खताचे सूत्र असे आहे की नत्र भोके पाडण्याच्या आधी आणि नंतर द्यावे, म्हणजे जखम लवकर भरते. मेच्या मध्यानंतर नत्राचा हात आखडावा आणि पालाश वाढवावे. पावसाळ्याच्या तोंडावर भरपूर युरिया देऊन ग्रीन गडद हिरवा करून दाखवण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण त्या लुसलुशीत वाढीवर रोग आधी पडतो.

कापणीची उंची जूनच्या पहिल्या आठवड्यापासून टप्प्याटप्प्याने वाढवावी. ४ मिलिमीटरवर असलेला ग्रीन पाऊस स्थिरावेपर्यंत ५ ते साडेपाचवर आणावा. पान वाढले की कमी उजेडातही अन्न तयार करण्याची क्षमता वाढते आणि हा संपूर्ण वर्षातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो सर्वांत अप्रियही आहे, कारण चेंडूचा वेग कमी होतो आणि सभासद सचिवांकडे तक्रार घेऊन जातात. स्टिम्पमीटरचे, म्हणजे ग्रीनवरील चेंडूचा वेग मोजणाऱ्या साधनाचे, पावसाळ्यातील अपेक्षित आकडे मे महिन्यातच सूचनाफलकावर लावले, तर ही तक्रार निम्म्याने कमी होते, असा अनुभव आहे.

ऑगस्ट उजाडलाच असेल तर

हे वाचताना शेवाळ आधीच आले असेल, तर वर्ष वाया गेले असे मानण्याचे कारण नाही. मात्र कामाचा क्रम पाळावा. सर्वप्रथम त्या ग्रीनवरून बसून चालवायचे जड कापणी यंत्र बंद करून पायी चालवायचे वापरावे आणि पाय रुतत असतील त्या दिवशी कापणीच टाळावी. कप दररोज हलवावा आणि सर्वांत वाईट कोपऱ्यावर दोरी बांधून तो भाग खेळाबाहेर ठेवावा. पर्यायी ग्रीन तयार असेल तर सरळ तेथे खेळ हलवावा. वाफसा येताच, म्हणजे माती हाताला ओलसर लागते पण पाणी सोडत नाही अशा उघडिपीत, ६ ते ८ मिलिमीटरच्या भरीव सळ्यांनी खोल भोके पाडावीत. यात माती बाहेर निघत नाही, त्यामुळे पृष्ठभाग फारसा बिघडत नाही आणि कोंडलेला वायू बाहेर पडतो. दर दोन ते तीन आठवड्यांनी हे करता येते. पोकळ सळ्यांचे काम ऑगस्टमध्ये करू नये. उघडी जखम भरून येण्याइतके ऊन त्या वेळी नसते.

शेवाळाचा थर जाड असेल, तर कोरड्या दिवशी तो ताठ ब्रशने खरवडून मोडावा आणि त्यानंतरच मॅन्कोझेबसारख्या स्पर्शजन्य बुरशीनाशकाची, लेबलवरील सूचना पाळून, फवारणी करावी. थर न मोडता केलेली फवारणी वरच्या वर राहते. मोरचूद वापरण्याचा सल्ला काही जण देतात. इतक्या खोल कापलेल्या हरळीवर तो मी देणार नाही, कारण गवत भाजण्याचा धोका आहे आणि तांबे मातीत साठत जाते. पाने पिवळी पडून गोलसर, तेलकट डाग दिसत असतील, तर ते निव्वळ शेवाळ नसून पिथियम या बुरशीसारख्या जीवामुळे होणारा रोग असू शकतो आणि त्याचे औषध वेगळे आहे. गोळा प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय औषध बदलू नये.

पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतला की लगेच तिसरी फेरी घ्यावी. त्या वेळी स्पर्धा तोंडावर असतात आणि समिती नकार देते. तरीही १० ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच हरळीला भरून येण्याइतकी ऊब मिळते. डिसेंबरच्या थंड रात्री सुरू झाल्यावर पाडलेली भोके फेब्रुवारीपर्यंत तशीच दिसत राहतात. संपूर्ण मैदान शक्य नसेल, तर निदान मार्चच्या पाइप-चाचणीत नापास झालेले ग्रीन तरी या फेरीत घ्यावेत.

दोन हंगाम हे वेळापत्रक नीट पाळूनही एखादा ग्रीन त्याच जागी खराब होत असेल, तर त्याच्या बांधणीतच दोष आहे. अशा वेळी लगेच संपूर्ण पुनर्बांधणीचा खर्च अंगावर घेऊ नये. ग्रीनवर हिरवळीचे पट्टे काळजीपूर्वक उचलून, सुमारे दोन मीटर अंतराने अरुंद चर खणून, त्यांत छिद्रांची नळी टाकून आणि मुळांच्या थराचीच वाळू थोडी थोडी करून दाबत भरून निचरा मागाहून बसवता येतो. चरांची माती ग्रीनवर पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या फळ्या टाकाव्यात. या कामाचा योग्य काळ मार्चची पहिली फेरी संपल्यावर लगेचचा आहे. उचललेले पट्टे त्याच दिवशी परत बसवून, रोलर फिरवून आणि पुढचे दहा-बारा दिवस दुपारच्या वेळी हलके पाणी देत राहिल्यास ग्रीन मेच्या सुरुवातीस खेळण्यायोग्य होतो. चरांच्या रेषा खचलेल्या दिसल्या तर त्या दुसऱ्या फेरीच्या वाळूने समतल करून घ्याव्यात.